खिळ्यांचे टायर

व्हर्लिनने उजवा पाय जोरात दाबला. पायाखाली ब्रेक नव्हता, नुसती रबराची चटई होती, आणि एप्रिलपासून रोज दाबून दाबून ती आता भोक पडायच्या बेतात आली होती.

"उजवीकडून कोणीतरी येतंय," तो म्हणाला.

आर्डिसने उजवीकडे पाहिलं. कापणीला आलेला मका, आणि रस्त्याच्या कडेला ओल्सनांची टपालपेटी. पेटी कुठून येत नव्हती. ओल्सनांच्या आजोबांनी ती रोवली तेव्हापासून तिथेच उभी होती. तरी आर्डिसने गाडीचा वेग कमी केला, पेटीला मागे जाऊ दिलं आणि म्हणाली, "हो का."

"बघायला हवं. लोक बघत नाहीत हल्ली."

गाडीच्या मागे पट्ट्यांनी बांधलेली व्हर्लिनची इलेक्ट्रिक सायकल हलत होती. तिचं मागचं टायर इतकं गुळगुळीत झालं होतं की रबराखालचे धागे दिसत होते. ते बदलायला दोघं ड्वेन स्कोग्लंडच्या दुकानात निघाली होती. टायर बदलणं ही काही मोठी गोष्ट नाही, पण आर्डिस सकाळपासून दुसऱ्या कशाचा विचार करत नव्हती.

व्हर्लिनने सगळा जन्म लुंडबीच्या शाळेची पिवळी बस चालवली. गावात पन्नाशीच्या आतला असा माणूस सापडायचा नाही, ज्याला लहानपणी व्हर्लिनने "खाली बस" म्हणून दरडावलं नाही. या एप्रिलमध्ये त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. आंधळा झाला नाही, पण लांबच्या पाट्या विरघळायला लागल्या, आणि परवान्याच्या कचेरीतल्या बाईने अतिशय गोड बोलून त्याचं लायसन्स ठेवून घेतलं. तेव्हापासून आर्डिस गाडी चालवत होती, आणि व्हर्लिन तिच्या बाजूला बसून गाडी चालवत होता.

डावीकडून मोकळं आहे. पुढे हरीण असेल. हा ट्रकवाला आत घुसणार बघ. ज्या माणसाचे डोळे गेले म्हणून लायसन्स गेलं, तो माणूस तिला दिवसभर रस्त्यावर काय दिसतंय ते सांगत होता.

आर्डिसची अडचण याहून मोठी होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. जो नवरा दिवसभर बस चालवतो तो घरच्या गाडीची किल्ली काही बायकोच्या हाती देत नाही, त्यामुळे लग्नानंतर तिने गाडी चालवली ती किराण्यापुरती आणि दवाखान्यापुरती. आता सत्तरीला टेकल्यावर चाक हाती आलं आणि तिला शोध लागला की आपल्याला गाडी चालवायला फार आवडतं. एकटीने. काच खाली, रेडिओ मोठा, काम काही नाही. कधी पाव आणायचं निमित्त, कधी तेवढंही नाही.

उन्हाळाभर तिची चैन झाली, ती या सायकलच्या कृपेने. घरामागून जुन्या रेल्वेच्या जागी केलेली सायकलींची वाट गावापर्यंत जाते. तिच्यावर मोटारी नाहीत, पाट्या नाहीत, वळणंसुद्धा नाहीत. व्हर्लिन रोज सकाळी तिच्यावरून गावात जाऊन म्हाताऱ्यांच्या टेबलावर कॉफी पीत बसे आणि जेवणाच्या वेळेला परत येई. पण मिनेसोटात उन्हाळा हा पाहुणा असतो. नोव्हेंबर लागला की त्या वाटेवरचा बर्फ नगरपालिका ढकलते, आणि खाली उरतो तो काचेसारखा थर. त्यावर साधं टायर ठरत नाही. साधे टायर घेतले तर सायकल गॅरेजमध्ये टांगली जाणार, आणि व्हर्लिन पुढच्या एप्रिलपर्यंत तिच्या बाजूच्या सीटवर. बर्फात रुतणाऱ्या बारीक खिळ्यांचे घेतले तर दोघंही सुटली.

तो पडेल याची काळजी तिला नव्हती असं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स स्वतः खिळ्यांच्या टायरांवर हिवाळाभर कामाला येते. आर्डिसने तिला गाठून खोदून खोदून विचारलं होतं. दिवसाउजेडी, त्या वाटेवर, काही हरकत नाही, नर्स म्हणाली; घरापासून गॅरेजपर्यंत चालत जाणं जास्त धोक्याचं. आर्डिसने मग ड्वेनला फोन केला. असे टायर कोणी घेतात का, असं विचारलं. घेणारे घेतात, ड्वेन म्हणाला. बरे असतात का? वाईट नसतात, ड्वेन म्हणाला. यापलीकडे कोणी काही बोललं नाही, आणि ड्वेनने दुसऱ्या दिवशी खिळ्यांच्या टायरांची एक जोडी मागवून ठेवली. लुंडबीत माणसं अशीच बोलतात. "मला हे हवं" असं तोंडाने म्हणणारा माणूस तिथे एक तर लहान असतो किंवा बाहेरगावचा.

नवऱ्याला सरळ सांगायचं तर तिच्या मनातही आलं नाही.

ड्वेनचं दुकान पूर्वी गवत कापायच्या यंत्रांचं होतं. आता निम्मी जागा सायकलींनी खाल्ली होती. ड्वेन स्वतः पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला माणूस, पण व्हर्लिन दारातून आत आला की तो हातातलं काम टाकून सरळ उभा राही. लहानपणी बसमध्ये त्याने एकदा कुणाची तरी टोपी खिडकीबाहेर टाकली होती, आणि ते प्रकरण त्याच्या दृष्टीने अजून मिटलेलं नव्हतं.

"कॉफी घेणार?" त्याने विचारलं.

"नको, नको. त्रास कशाला."

"केलेलीच आहे."

"आम्ही आत्ताच घेऊन निघालो."

"नाहीतर ओतूनच टाकायचीय."

"मग अर्धा कप दे," व्हर्लिन म्हणाला, आणि ड्वेनने काठोकाठ भरलेले दोन कप आणले.

लुंडबीत पहिलं आणि दुसरं "नको" हे शिष्टाचाराचं असतं; तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. कॉफीला हाच नियम, केकला हाच, आणि थडग्यासाठी दगड निवडतानाही हाच. दोनदा विचारून जो थांबतो त्याला घरच्यांनी काही शिकवलं नाही, असं समजतात.

ड्वेनने टायर काउंटरवर मांडले. एक गुळगुळीत, डांबरी रस्त्याचं. हलकं पळतं, बॅटरी कमी खातं. एक खडीवरचं, खोल नक्षीचं, आत काटे अडवणारा जाड पट्टा असलेलं. मागचंच टायर आधी का गेलं ते त्याने सांगितलं: मोटर मागच्या चाकात, सगळं वजन तिथे, शिवाय मागच्या टोपलीत तुम्ही पक्ष्यांच्या दाण्याची पोती नेता. पोत्यांचा विषय काढायला नको होता, अशा नजरेने व्हर्लिनने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने एकेक टायर उचललं, वाकवलं, नाकाशी नेऊन वासही घेतला.

"साइज बरोबर आहे ना," तो म्हणाला आणि टायरच्या कडेवरचे आकडे बघायला लागला. आकडे काळ्यावर काळे, नुसते उठावाचे. त्याने टायर जवळ धरलं, लांब धरलं. मग सहज केल्यासारखा अंगठा त्या आकड्यांवरून फिरवायला लागला.

आर्डिसने त्याच्या खांद्यावरून वाकून आकडे वाचले, आपल्याशीच पुटपुटल्यासारखे, पण त्याला ऐकू जातील इतपत.

"बरोबर आहे," व्हर्लिन म्हणाला.

तिला त्याची माया आली. पण ती मायेच्या पुरात वाहून जाणारी बाई नव्हती. तिने ड्वेनकडे बघितलं. ड्वेन काउंटरखाली वाकला आणि त्याने खिळ्यांची जोडी वर ठेवली.

"हे पण आहेत," तो म्हणाला.

"ते कशाला. नको."

"हिवाळ्यात वाईट नसतात."

"छे, छे. मला काय करायचेत."

दोन झाले. आर्डिसने निवांतपणे कॉफीचा घोट घेतला. आता तिसऱ्यांदा विचारायचं, व्हर्लिनने "बरं, आणलेच आहेस तर" म्हणायचं, आणि हिवाळा मोकळा. तिने मनातल्या मनात रेडिओचं स्टेशनही ठरवलं.

"मागवलेच आहेत," ड्वेन म्हणाला, "हातात घेऊन तर बघा. नाहीतर इथे पडून राहतील."

व्हर्लिनने टायर हातात घेतलं. तळवा त्या बारीक पोलादी खिळ्यांवरून पुढे नेला, मागे आणला. खिळ्यांचा खरखर आवाज दुकानात ऐकू आला. असा चेहरा आर्डिसने त्याचा नवीन बस आली त्या दिवशी पाहिला होता. त्याने टायर काउंटरवर टेकवून एकदा दाबून पाहिलं आणि खिळे लाकडात किंचित रुतले.

"चांगले आहेत," तो म्हणाला. मग ते टायर त्याने हळूच बाजूला ठेवलं. "पण नको."

ड्वेनच्या तोंडावर घाम आला. चौथ्यांदा विचारायची पद्धतच नव्हती. इतकं कधी कोणी ताणलंच नव्हतं. त्याने आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसने कपात पाहिलं.

"सायकल चालवलेली तब्येतीला चांगली असते म्हणतात," ती म्हणाली. "बारा महिने."

तिच्या मानाने हे फारच उघड बोलणं झालं. व्हर्लिनने तिच्या हातावर हात ठेवला.

"तू नको काळजी करू," तो म्हणाला. मग ड्वेनकडे वळून, बायको तिथे नाहीच असं धरून, पण तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागला. "रोज सकाळी मी निघतो ना, तर ही मागच्या पायरीवर उभी राहते. मी झाडांच्या आड होईपर्यंत उभी. हलत नाही. बोलत नाही ती काही, पण मला कळतं की. हा उन्हाळ्यातला प्रकार. बर्फात काय होईल तिच्या जिवाचं? मी आपला खिळे लावून मजेत फिरणार आणि ही खिडकीशी बसणार. ते नको."

ड्वेनने मान हलवली. पुरुषमाणूस असा आतलं बोलायला लागला की कुठे बघावं हे त्याला कळेना, म्हणून तो एका साखळीकडे बघत राहिला.

आर्डिस पायरीवर उभी राहत असे हे खरं होतं. तो नक्की गेला, काही विसरलं म्हणून परत फिरत नाही, याची खात्री झाल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नसे. एकदा तर ती एप्रनच्या खिशात किल्ल्या हाताळत उभी होती.

"आणि दुसरं म्हणजे," व्हर्लिन पुढे म्हणाला, "तिला बर्फावर गाडी चालवायची सवय नाही. कोणीतरी बाजूला लागतं. मी आहेच मोकळा." आणि तो इतका समाधानाने हसला की आर्डिसला कप खाली ठेवावा लागला.

म्हणजे तो तिला छळत नव्हता. तो कामावर होता. लायसन्स गेलं, बस केव्हाच गेली होती, आता एवढी एक सवारी उरली होती सुखरूप पोचवायला. आणि त्या सवारीसाठी तो आपली सायकल पाच महिने टांगून ठेवायला निघाला होता. तेही मायेपोटी. गप्प बसणं किती सोपं होतं. खडीवरचे टायर घ्यायचे, उरलेली कॉफी प्यायची, घरी जायचं. लुंडबीतल्या कोणत्याही बाईने तेच केलं असतं, आणि वर्षभर शेजारणींकडे नुसते सुस्कारे टाकले असते.

"गुंडाळ मग खडीवरचे," व्हर्लिन म्हणाला.

ड्वेनने कागदाला हात घातला.

"मला तू गाडीत नको आहेस, व्हर्लिन," आर्डिस म्हणाली.

आवाज चढला नव्हता. पाव संपलाय सांगावं तशा सुरात ती बोलली होती. पण असं वाक्य त्या दुकानात, आणि बहुधा त्या गावात, पूर्वी कोणी उच्चारलं नव्हतं. ड्वेन कागद हातात धरून तसाच राहिला.

व्हर्लिनने टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली.

"असं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "केव्हापासून?"

"एप्रिलपासून."

"लायसन्स एप्रिलमध्येच गेलं."

"हो."

"दोनदा तरी तुला मी वाचवलंय. आज सकाळचंच घे."

"ती ओल्सनांची टपालपेटी होती."

"आणि मागच्या आठवड्यात?"

"तीच."

व्हर्लिनने ड्वेनकडे पाहिलं. ड्वेन त्या क्षणी कुठेही जायला तयार होता, पण दुकान त्याचंच होतं. "मी जरा गरम कॉफी बघतो," असं म्हणून तो आतल्या खोलीत गेला आणि तिथे भांड्यांचे उगाच आवाज करत राहिला.

"मग पायरीवर?" व्हर्लिनने हळू विचारलं.

इथे खोटं बोलायला हरकत नव्हती. आर्डिसने ते जिभेवर घेऊनही पाहिलं.

"वाट बघत असते," ती म्हणाली. "तू जायची."

खिळ्यांच्या टायरवर त्याची बोटं गेली आणि एकेका खिळ्यावरून सरकत राहिली. त्याचे कान लाल झाले होते. आर्डिसला वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळं परत घ्यावं, म्हणावं, तसं नव्हे रे, मी आपलं सहज म्हटलं. तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि परत घेतलं नाही.

"म्हणजे गाडी रोज चालवत असतेस होय," तो शेवटी म्हणाला. "पेट्रोल बरंच लागतंय म्हटलं."

"हो."

"बर्फावर चालवशील?"

"हळू चालवीन."

"उतारावर ब्रेक दाबायचा नाही. गियर खाली घ्यायचा."

"माहितीये."

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच. एप्रिलपासून."

व्हर्लिनच्या नाकातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की नाही, हे आर्डिसला पुढेही कधी ठरवता आलं नाही. त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून, बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात हाक मारली, आणि ड्वेन भांडं तसंच सोडून धावत बाहेर आला.

"खिळ्यांचे चढव. दोन्ही चाकांना."

"आत्तापासून? अजून तर सप्टेंबर..."

"आत्तापासून," व्हर्लिन म्हणाला. "आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी ते खडीवरचे बाजूला ठेव."

मोटरचं चाक उघडायचं म्हणजे वेळ लागणार होता. सायकल उद्या न्या, ड्वेन म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की याचा अर्थ दोघांना आता एकाच गाडीतून घरी जायचंय. त्याचा चेहरा पडला. तुम्हाला मी सोडतो, माझं तिकडे काम आहेच, असं तो व्हर्लिनला म्हणाला. त्याचं तिकडे काहीही काम नव्हतं. व्हर्लिन नको म्हणाला, आणि त्या दिवशी त्याचं पहिलंच "नको" असं होतं की ड्वेनने पुढे विचारलं नाही.

बाहेर ऊन होतं. आर्डिस चालकाच्या सीटवर बसली, पट्टा लावला. व्हर्लिन पुढच्या दारापाशी आला, हँडलला हात लावला, हात काढून घेतला. मग मागचं दार उघडून तो मागच्या सीटवर जाऊन बसला. तिथे नातवंडांच्या बिस्किटांचा चुरा होता आणि एक लोकरी मोजा. त्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते.

"तिथे कुठे बसतोस," आर्डिस म्हणाली. "पुढे ये."

"बरं आहे इथे."

"अवघडशील."

"छे."

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. गाडी सुरू केली.

गाव मागे पडलं. मोठा चौक आला. आर्डिसने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि सवयीने मागून आवाज यायची वाट पाहिली. आवाज आला नाही. ती शांतता इतकी नवी होती की तिला एक क्षण गाडी पुढे काढावी की नाही हेच सुचेना. मग तिने काढली.

आरशात तो दिसत होता. समोर बघत नव्हता. कपाळ काचेला लावून बाजूला बघत होता, बसमध्ये पोरं बसतात तसा.

"नायगार्डने गोठ्याला रंग दिला," तो म्हणाला.

"बरीच वर्षं झाली."

"निळा आहे?"

"निळा."

"वेगळंच काहीतरी." थोडा वेळ गेला. "रोज चार वेळा जायचो मी इथून. कधी बघितलाच नाही."

आर्डिसने वेग कमी केला. गोठा डोळ्यांआड होईपर्यंत त्याने मान वळवून पाहिलं. पुढे तलावाचं पाणी लागलं, त्याच्यावर बदकं होती. त्याला बदकं दिसली का, की नुसतं काहीतरी काळं हलताना दिसलं, हे तिला ठाऊक नव्हतं. पण त्याने ती मोजायला सुरुवात केली होती.

घराचं वळण आलं. ते व्हर्लिनला डोळे मिटूनही कळलं असतं. आर्डिसने वळणाचा दिवा लावला नाही, चाक फिरवलं नाही. गाडी सरळ पुढे गेली, वळण मागे पडलं, आणि समोर तलावाच्या कडेने रस्ता लांबवर जात राहिला.

मागे काहीतरी हललं. आर्डिसने आरशात पाहिलं. व्हर्लिनने काच खाली केली होती, टोपी काढून मांडीवर घेतली होती आणि कोपर खिडकीबाहेर ठेवलं होतं.